सल्ला सदर : चौदा विद्यार्थी आणि एकच अहवाल

पत्र : मी परभणी जिल्ह्यातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात यंदा जुलैपासून तासिका तत्त्वावर शिकवते. एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) प्रथम वर्षाचे १४ विद्यार्थी क्षेत्रकार्यासाठी माझ्याकडे आहेत. शिवाय गुन्हेगारी आणि सुधारात्मक सेवांचा पेपर दिला आहे. अहवाल सगळे सारखेच येतात, दोन-तीन तर शब्दशः. संस्थावाले म्हणतात, पोरं नुसती बसून असतात. पेपरसाठी वरिष्ठांच्या जुन्या नोट्स मिळाल्या आहेत. वर्गात जातीचा विषय निघाला की दोन गट पडतात. आणि मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने आयसीत (विद्यार्थ्याशी एकट्यानं होणाऱ्या मार्गदर्शन बैठकीत) सांगितलं, की तिच्या क्षेत्रकार्याच्या वस्तीवरच्या नववीतल्या मुलीचं लग्न दिवाळीआधी उरकायचं ठरलं आहे. मी "बघू" म्हणाले, पण मला काही सुचलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर :

मॅडम, अहवाल, संस्था, नोट्स हे सगळं नंतर. आधी ती नववीतली मुलगी.

विद्यार्थिनीला आजच बोलावून घ्या आणि समोर बसून लिहून घ्या : मुलीचं नाव, शाळा, आईवडील, वस्ती, सासरचं ठरलेलं गाव, लग्नाची तारीख किंवा अंदाज, आणि हे तिला कोणी, कधी सांगितलं. मुलीनं स्वतः सांगितलेलं एका बाजूला, शेजारणीकडून कानावर आलेलं दुसऱ्या बाजूला. मग प्राचार्यांना तोंडी सांगा, दोन ओळींचं पत्र द्या आणि त्याची पोच ठेवा. त्यानंतर १०९८ ला फोन करा. ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवा असं स्पष्ट सांगा. प्राचार्य "आपल्याला काय करायचंय" म्हणाले तरी फोन अडत नाही. बालविवाहाची माहिती कोणीही देऊ शकतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे. शहरात बालविकास प्रकल्प अधिकारी. ग्रामसेवक त्याच गावच्या भावकीतला असेल तर बातमी घरी आधी पोचते. अशा वेळी थेट जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती गाठा. लग्नाचा धोका असलेलं मूल २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकांत मोडतं, त्यामुळे समितीचा अधिकार सरळ लागतो.

वयाचा पुरावा पहिल्याच दिवशी पक्का करायला सांगा. त्या अधिनियमाच्या कलम ९४ मध्ये क्रम दिलेला आहे : शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्डावरची एक जानेवारीची जन्मतारीख दाखवून "अठरा झाली की तिला" म्हणणारे हमखास भेटतात. त्या कार्डानं वय सिद्ध होत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हाताशी असला की पुढचा वाद संपतो.

यानंतर गाडी कुठं अडकते? पालकांकडून हमीपत्र घेतलं जातं, फोटो निघतो, बातमी येते आणि पंधरा दिवसांनी लग्न मामाच्या गावी, दुसऱ्या तालुक्यात, पहाटे लागतं. म्हणून दोन गोष्टी मागून घ्या. एक, २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा मनाईहुकूम. या कायद्यात बालविवाह आपोआप रद्द होत नाही, तो रद्द करून घ्यावा लागतो. मनाईहुकूम मोडून लावलेलं लग्न मात्र कलम १४ प्रमाणे मुळातच शून्य ठरतं. वर्गात हे बहुतेक ठिकाणी चुकीचं शिकवलं जातं. दोन, मुलगी शाळेत येते का याची एक महिन्यानं आणि तीन महिन्यांनी शाळेकडून खातरजमा. लग्न होऊन गेल्यावर कळलं तर प्रकरण आणखी गंभीर होतं. अठराखालच्या मुलीशी शरीरसंबंध हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे, नवरा असला तरी. तो माहीत असणाऱ्या प्रत्येकावर कलम १९ प्रमाणे कळवण्याची सक्ती आहे आणि न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. इथं "बघू"ला जागा उरत नाही.

तुमची विद्यार्थिनी मांडवात जाणार नाही, पालकांना समजवायला एकटी जाणार नाही, आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर एक अक्षरही टाकणार नाही, हे तिला आजच सांगा. तिची वस्ती तडकाफडकी बदलू नका, कारण त्यातूनच वस्तीला कळतं की सांगणारी कोण. पुढचे काही आठवडे तिला जोडीनं पाठवा. पण तिला भीती वाटते म्हणाली तर मात्र लगेच बदला, तिथं तत्त्व मिरवू नका.

आता अहवाल. कॉपी का होते हे शोधायला आधी तुमच्या महाविद्यालयाचा छापील नमुना उघडून बघा. दिनांक, वेळ, संस्थेचे नाव, भेटीचे उद्दिष्ट, केलेले कार्य, निष्कर्ष, पुढील नियोजन. यातला एकही रकाना भरायला वस्तीवर जावं लागत नाही. त्यात मागच्या बॅचची जर्नल्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात आणि गुण हजेरीच्या सहीवर पडतात. मग उन्हात पायपीट कोण करणार? नमुना विद्यापीठाचा असेल तर तो तसाच ठेवा, पण "केलेले कार्य" या रकान्यासाठी वेगळं पान जोडायला लावा आणि त्या पानाचे तीन भाग करा : पाहिलं-ऐकलं, मला वाटलं, पुढं काय करणार. पहिल्या भागात मत नको. दुसऱ्या भागात मत हवं, पण पहिल्या भागातल्या कोणत्या ओळीवरून ते आलं हे सांगून.

फरक फळ्यावर दाखवा. नेहमीचा अहवाल असा असतो : "आज आम्ही वस्तीला भेट दिली. महिलांशी संवाद साधून त्यांना मुलींच्या शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. महिलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला." आणि हवा तो असा : "सव्वाअकराला घरी गेलो. सासू दारात बसलेली, सून आत भाकरी करत होती. 'पोरगी शाळेत जाती का?' विचारलं तर सासू म्हणाली, 'जाती की.' सून काही बोलली नाही. दप्तर खुंटीला होतं, त्यावर धूळ. मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन बाहेर उभी होती." दुसऱ्या भागात विद्यार्थी लिहील, "मुलगी शाळेत जात नसावी." तिथं तुम्ही पेन्सिलीनं विचारा, कशावरून? धुळीवरून. धूळ आणखी कशामुळे असू शकते? दिवाळीची सुट्टी, शाळेतून नवीन दप्तर मिळालं असेल. मग खात्री कुठं होईल? शाळेच्या हजेरीपटावर. म्हणजे "पुढं काय करणार" हा भाग आपोआप भरला. निरीक्षण, अनुमान आणि पडताळणी हे तीन शब्द पाठ करून घेण्यापेक्षा हे एक पान जास्त काम करतं.

बोली राहू द्या. "कामून", "लेकरू", "जाती की" हे जसं ऐकलं तसं लिहायला सांगा. त्याचं "सदर महिलेने होकारार्थी उत्तर दिले" झालं की त्या बाईचा सूर, कचरणं, टाळणं सगळं पुसलं जातं आणि तपासायला काही उरत नाही. तांड्यावर घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. तिथं विद्यार्थ्यानं भाषेसाठी कुणाची मदत घेतली ते लिहावं. शाळकरी पोराला दुभाषी करू नका. आई आपल्या दुखण्याबद्दल त्याच्यातोंडी बोलणार नाही, आणि बोलली तर ते त्या पोराला झेपणार नाही.

टिपणं समोर बसून काढायची नाहीत. बाहेर पडल्यावर तासाभरात, एसटी स्टँडवर का होईना, खिशातल्या वहीत वेळ, माणसं आणि दोन-तीन नेमकी वाक्यं. पूर्ण अहवाल ४८ तासांच्या आत. रविवारी रात्री आठवडाभराचं एकदम लिहायला बसलं की कितीही प्रामाणिक मुलगा "संवाद साधला"वर घसरतो.

तुमच्या वेळेचा हिशेब आता मांडा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये तुम्हीही न वाचता सह्या करू लागाल. चौदा जण, आठवड्याला क्षेत्रकार्याचे दोन दिवस, म्हणजे २८ अहवाल. प्रत्येकी २० मिनिटं धरली तरी ९ तास २० मिनिटं होतात. तासिका तत्त्वावर हे शक्य नाही आणि तसं ढोंगही करू नका. एका दिवसाचा पूर्ण अहवाल आणि दुसऱ्या दिवसाची फक्त टिपणवही असं ठरवा. चौदाही अहवाल पाच-पाच मिनिटांत नजरेखालून घाला, जवळपास सव्वा तास. त्यातले चारच निवडून पंचवीस-पंचवीस मिनिटं ओळीनं तपासा, जवळपास पावणेदोन तास. पाळी लावली तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात प्रत्येकाचा अहवाल चार वेळा नीट तपासून होतो. आयसी प्रत्येकाची पंधरवड्याला एकदा, अर्धा तास, म्हणजे आठवड्याला सात जण. जीसी, म्हणजे सगळ्यांची एकत्र बैठक, पंधरवड्यातून दीड तास.

आयसीत अहवाल मोठ्यानं वाचून घेणं हा वेळेचा नाश आहे. तो तुम्ही आधी वाचलेला असायला हवा. प्रश्न असे विचारा, की न गेलेल्याला उत्तर येणार नाही : तुला कुठं बसवलं? तू बोलत असताना कोण उठून गेलं? कोणता प्रश्न ओठावर येऊन राहिला? दोघांचे अहवाल शब्दशः सारखे आले तर चव्हाट्यावर आणू नका. दोघांना वेगवेगळं बोलावून हेच तीन प्रश्न विचारा. कोण गेला होता आणि कोण नाही, ते पाच मिनिटांत कळतं. न गेलेल्याला ती भेट पुन्हा द्यायला लावा. गुण कापण्याचा याच्याइतका उपयोग होत नाही.

गुणांचे निकष सत्राच्या पहिल्या आठवड्यात लेखी द्या. विद्यापीठाचा आराखडा पाळूनच, पण अंतर्गत १०० गुण तुमच्या हातात असतील तर हजेरीला २०, नोंदींना ३०, प्रत्यक्ष कामातल्या कौशल्याला ३० आणि आयसीतल्या तयारीला २० अशी वाटणी चालते. हजेरीला ४०-५० दिले की पुन्हा सह्यांचा बाजार सुरू होतो.

"पोरं नुसती बसून असतात" ही तक्रार खरी आहे आणि तिचं मूळ तुमच्या महाविद्यालयाच्या पत्रात आहे. "आमच्या विद्यार्थ्यांना सहकार्य करावे ही विनंती" एवढ्यावर कोणती संस्था काम देईल? पत्रात संस्थेतल्या एका माणसाचं पर्यवेक्षक म्हणून नाव, वार आणि वेळ, पहिल्या दोन महिन्यांतली कामं, आणि विद्यार्थी काय करणार नाहीत हे असू द्या. सखी वन स्टॉप सेंटर घ्या. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यानं नोंदणीच्या टेबलाजवळ बसावं, परवानगीनं नाव झाकलेल्या तीन फाइली वाचाव्यात, तालुक्यातल्या सेवांची फोन-पत्त्यांसह यादी करावी, कर्मचाऱ्याबरोबर पाठपुराव्याच्या घरभेटीला जावं. त्यानं एकट्यानं समुपदेशन करू नये, आणि नवरा-बायकोची "तडजोड" तर मुळीच करू नये. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी किंवा अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकांच्या हाताखाली मुलं बसली तर जन आरोग्य योजनेची कागदपत्रं, बेवारस रुग्ण, क्षयरुग्णांचा औषधातला खंड अशी हाताला काम देणारी प्रकरणं रोज असतात. एका ठिकाणी दोन ते चार जण. म्हणजे तुम्हाला चार-पाच संस्था लागतील. महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः जा. संस्थेनं मुलांना एखाद्या रॅलीत बॅनर धरायला नेलं तर हरकत नाही. डेटा एन्ट्रीला मात्र महिनाभर जुंपलं तर पत्र दाखवून बोला, आणि तरीही फरक पडला नाही तर पुढच्या सत्रात ती संस्था सोडा.

कारागृह हवं असेल तर जूनमध्येच अर्ज करा. हर्सूल मध्यवर्ती कारागृहासारख्या ठिकाणी परवानगी वरून यावी लागते आणि सत्र अर्धं संपेपर्यंत फाइल फिरत राहते. तोपर्यंत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही उत्तम जागा आहे. परवानगी लवकर मिळते आणि न्यायालयाच्या आवारातली भाषा मुलांच्या कानावर पडते.

वेळापत्रकाबद्दल एकच गोष्ट, पण ती मराठवाड्यात विसरून चालत नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जाणारी घरं गाव सोडतात. बीडच्या धारूर, वडवणी, पाटोदा, केज या पट्ट्यात आणि तुमच्याही भागातल्या अनेक तांड्यांवर नोव्हेंबरपासून म्हातारी माणसं आणि काही लेकरंच उरतात. कुटुंबं परततात ती मार्च-एप्रिलच्या पुढं. जुलैत सुरू केलेलं गटकार्य नोव्हेंबरमध्ये "गट स्थलांतरित झाल्याने बंद" असं संपतं, कारण सत्र आखताना हंगाम कुणी बघितलेला नसतो. म्हणून ऑक्टोबरपर्यंत कुटुंबांसोबतचं काम उरकून घ्या : जाणाऱ्या प्रत्येक घराची यादी, मुलं सोबत की मागं, हंगामी वसतिगृहाची नोंद झाली का, गरोदर बायका किती, उचल (आगाऊ घेतलेली मजुरी) किती आणि मुकादम (मजुरांची टोळी नेणारा) कुठला. नंतर तेच विद्यार्थी हंगामी वसतिगृहात आणि मागं राहिलेल्या वृद्धांसोबत काम करतील. त्या नववीतल्या मुलीच्या लग्नाची घाईही इथंच जोडून शिकवा. उचल कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. शिवाय वयात आलेली मुलगी सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा खरा प्रश्न आहे. हे न समजता नुसतं "जनजागृती" लिहिणाऱ्याला त्या अहवालाचे गुण देऊ नका.

तुमच्या पेपरच्या जुन्या नोट्सचा गठ्ठा तसाच वापरला तर मुलं नेट-सेट या प्राध्यापक-पात्रता परीक्षांमध्येही मार खातील आणि ठाण्यातही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहेत. नोट्समधली खुनाची ३०२ आता १०३, फसवणुकीची ४२० आता ३१८, ४९८-अ आता ८५ आणि ८६. पोटगीचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५ आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४, एफआयआरचं १५४ आता १७३. एक तक्ता करून भिंतीवर लावा. जुने आकडे मात्र पुसू नका. त्या तारखेआधीचे गुन्हे जुन्याच दंडसंहितेखाली चालतात आणि पुढची कित्येक वर्षं मुलांच्या हातात दोन्ही प्रकारची कागदपत्रं येणार आहेत.

समाजकार्याच्या अंगानं त्यात शिकवण्यासारख्या दोन जागा आहेत. समाजसेवा ही आता न्याय संहितेतली शिक्षा आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेला, पाच हजारांखालचा माल चोरून तो परत करणारा माणूस किंवा सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन धिंगाणा घालणारा यांना ती होऊ शकते. वर्गाला विचारा : आपल्या तालुक्यात ही शिक्षा कुठं भोगायला लावाल, देखरेख कोण करील, आणि त्या माणसाची वस्तीत बदनामी न होता ते कसं जमेल? दोन तास कसे जातात कळणार नाही. दुसरी जागा नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९. पहिलाच गुन्हा असलेल्या न्यायबंद्यानं (खटला चालू असलेल्या कैद्यानं) कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याच्या सुटकेचा विचार करावा लागतो, इतरांसाठी निम्मा. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. चार काल्पनिक कैद्यांच्या तारखा द्या आणि कुणाची वेळ भरली ते मोजून घ्या. गणित चुकतं ते बहुधा अनेक गुन्हे दाखल असलेल्या कैद्यापाशी. त्याला ही सवलत मिळत नाही.

बाल न्याय मंडळ आणि बाल कल्याण समिती यांच्यात विद्यार्थी हमखास गोंधळतात. वर्गात खुर्च्या मांडून दाखवा. मंडळात तीन : दंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यांत किमान एक स्त्री. समितीत पाच : अध्यक्ष आणि चार सदस्य. कायद्याच्या कचाट्यात सापडलेलं मूल मंडळापुढे, आधार हवा असलेलं मूल समितीपुढे, दोन्ही चोवीस तासांच्या आत. आणि मोफत विधी साहाय्य "फक्त गरिबांना" असं कुणी उत्तरपत्रिकेत लिहिलं तर लाल रेघ मारा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली माणसं यांना उत्पन्न न बघता हा हक्क देतं.

जातीच्या प्रश्नावर वर्ग दुभंगतो, कारण चर्चा मतांपासून सुरू होते. "आरक्षण असावे की नसावे" हा विषय वर्गात ठेवूच नका. त्यातून कुणी काही शिकत नाही, फक्त बाकांची अदलाबदल होते. प्रत्येकाला त्याच्या क्षेत्रकार्याच्या गावाचा नकाशा काढायला लावा : हातपंप, नळाची टाकी, अंगणवाडी, रेशन दुकान, देऊळ, समाजमंदिर, स्मशानभूमी आणि एसटी थांबा. मग प्रत्येक वस्तीपासून पावलं मोजून अंतर टाकायचं. स्मशानभूमी किती आणि कुणाकुणाच्या, पावसाळ्यात रस्ता कुठं तुटतो, टँकर आधी कुठं थांबतो. मराठा घरातला विद्यार्थी आणि बौद्ध घरातली विद्यार्थिनी एकाच नकाशावर वाकून पावलं मोजतात तेव्हा भांडण आकड्यांशी होतं. त्यानंतर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा शिकवला तर तो अंगावर आल्यासारखा वाटत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला "तू तुझा अनुभव सांग" असं वर्गासमोर कधीही म्हणू नका. त्याला सांगायचं असेल तर तो आयसीत सांगेल.

आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या घरी प्रथम वर्षाच्या मुलांना पाठवायचं का, हा प्रश्न तुमच्यापुढं येईलच. आशा ताईंच्या किंवा संस्थेच्या माणसाबरोबर, आणि दिवसकार्य उरकून काही आठवडे गेल्यावरच. "का केलं" हा प्रश्न विचारायचा नाही. "मी तुम्हाला मदत मिळवून देतो" हे वाक्य बोलायचं नाही. शासनाची एक लाखाची मदत जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीनं प्रकरण पात्र ठरवलं तरच मिळते, त्यात जमीन, कर्ज आणि वसुलीचा तगादा यांची कागदपत्रं तपासली जातात. अपात्र ठरलेल्या घराला पोरानं दिलेला शब्द दुसऱ्या मरणासारखा लागतो. तुमच्या वर्गातही असं घर असलेला एखादा विद्यार्थी असू शकतो. जागा वाटताना "कुणाला बदल हवा असेल तर कारण न सांगता चिठ्ठी द्या" एवढं म्हणा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या, लोकांसाठी आणि मुलांसाठीही.

फोटोंचं मात्र कडक ठेवा. बालगृहात खाऊ वाटतानाचा सेल्फी इन्स्टाग्रामवर गेला की बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मोडतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अहवालात नावाऐवजी खूण, गावाऐवजी "वस्ती क्र. २" असं लिहायला लावा आणि नावांची किल्ली एकाच वहीत, कुलपात. लघुशोधप्रबंधाच्या ऋणनिर्देशात उत्तरदात्यांची नावं छापून येतात, तिथंही बघा. जर्नल्स सत्र संपल्यावर रद्दीत किंवा झेरॉक्सवाल्याकडे जाणार नाहीत याची जबाबदारी कुणाची, ते विभागाच्या बैठकीत नोंदवून घ्या. कॉपीचा पुरवठाही त्यानंच आटतो.

शेवटी तुमचं स्वतःचं. क्षेत्रकार्याचं पर्यवेक्षण तासिकांत धरलं जातंय का, हे प्राचार्यांना लेखी विचारा आणि वेळापत्रकात ते तास छापून घ्या. न छापलेल्या तासाचं मानधनही मिळत नाही आणि अनुभवही मोजला जात नाही. नेट-सेट झालं नसेल तर समाजकार्याचा दुसरा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा आहे आणि तुम्ही शिकवत असलेला कायद्याचा भाग त्यात येतो, तेव्हा वरचा तक्ता तुमच्याही कामाचा आहे. नेमणुकीचा आदेश, रुजू अहवाल, दर महिन्याचं तासिका देयक आणि वेळापत्रकाची प्रत एका फाइलीत लावत जा. अनुभवाचं प्रमाणपत्र सत्र संपायच्या आठवड्यातच मागा, त्यात विषय, आठवड्याचे तास आणि विद्यापीठाच्या मान्यता-पत्राचा क्रमांक आहे ना ते तिथंच उभं राहून तपासा. पुढच्या वर्षी कार्यालयातला लिपिक बदललेला असतो आणि जावक नोंदवही सापडत नाही.